एवढं शिकून पेपरच कापायचे का?

वाचकांचे प्रश्न आणि ताईची उत्तरं

प्रश्न : ताई नमस्कार. मी नागपूरला मास कॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे, घर नंदनवनला. पीआरमध्येच, म्हणजे जनसंपर्कातच जायचं हे बारावीपासून डोक्यात होतं म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत धरमपेठच्या एका छोट्या एजन्सीत इंटर्नशिप केली. तिथं सकाळी जाऊन सगळे पेपर चाळायचे, क्लायंटची बातमी आली असेल तर कापायची, स्कॅन करायची, पट्टीने मोजायची, एक्सेलमध्ये भरायची आणि दुपारी रिपोर्टरना प्रेसनोटसाठी फोन, "सर नोट मिळाली का, सर बातमी उद्या लागून राहिली का". बस एवढंच. बाबा म्हणतात, एवढं शिकून पेपर कापून राहिली का तू, त्यापेक्षा रद्दीवाला बरा, त्याला पैसे तरी मिळतात. स्टायपेंड शून्य, पेट्रोल माझंच.

मग दिवाळीनंतर एका हॉस्पिटलच्या पीआर डिपार्टमेंटला लागले. तिथं थोडे पैसे मिळायचे, एसीत बसायला होतं, पण सरांनी सांगितलं की तुझ्या आणि तुझ्या मैत्रिणींच्या मोबाईलवरून गुगलवर आपल्याला पाच स्टार टाका, दोन ओळी चांगल्या लिहा. मी टाळत राहिले, टाकले नाही. नंतर एका पेशंटच्या नातेवाईकाचा बिलावरून व्हिडिओ फिरला तं रिपोर्टरचे सगळे फोन माझ्याकडे दिले, म्हणे सांग सर ओटीत आहेत. सर समोर बसून चहा पिऊन राहिले होते! मी म्हटलं मला नाही जमणार, मग बोलणी खाल्ली आणि महिना संपल्यावर सोडलं.

आता दोन ठिकाणं आहेत. एक मुंबईच्या मोठ्या एजन्सीची ऑनलाइन इंटर्नशिप, नाव मोठं पण पैसे नाही. दुसरं इथल्याच एका सरकारी कंपनीचा जनसंपर्क विभाग, कॉलेजच्या ओजेटीमधून (अभ्यासक्रमातलंच प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण). मैत्रिणी म्हणतात सरकारी ठिकाणी नुसत्या फायली, काही शिकायला मिळत नाही. कुठं जाऊ? आणि पुढं इंटरव्ह्यूत हॉस्पिटलचं काय सांगू?
— मास कॉमवाली, नंदनवन

उत्तर : अगं, आधी बाबांना सांग की रद्दीवाला पेपर वाचत नाही आणि तू वाचत होतीस, पीआरमध्ये पुढं जो पगार मिळतो ना तो बराचसा त्या वाचण्याचाच असतो.

खरंच सांगते. नागपुरात सकाळी टेबलावर लोकमत, तरुण भारत, सकाळ, लोकसत्ता, देशोन्नती, पुण्यनगरी, हिंदीत नवभारत, भास्कर, लोकमत समाचार, इंग्रजीत हितवाद आणि टाइम्स एवढे तर पडतातच, आणि जो माणूस हे रोज आडवे-उभे चाळतो त्याला काही आठवड्यांत न विचारता कळायला लागतं की मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांच्या बातम्या कुठल्या पेपरात कोण करतं, महापालिका कोणाकडे आहे, कॉलेजच्या कार्यक्रमाचा फोटो कोण छापतं आणि कोण कधीच छापत नाही, कोणाला आकडे लागतात अन कोणाला माणूस लागतो. हे कुठल्याच पुस्तकात नाही आणि मुंबईच्या मीडिया लिस्टमध्ये तर अजिबात नाही, तिथं नागपूर म्हणजे चार नावं असतात आणि त्यातले दोघं कधीचेच दुसऱ्या पेपरात गेलेले असतात. तू आत्ता डोळे मिटून सांगू शकतेस का की उद्या बुटीबोरीच्या एखाद्या कारखान्याची बातमी असेल तर पहिला फोन कोणाला? सांगू शकत असशील तर तुझी सुट्टी वाया गेली नाही.

पण हेही तेवढंच खरं, की हे शिकणं महिनाभराचं असतं. त्याच्या पुढं तेच काम फुकट करून घेतलं तर ती इंटर्नशिप नाही, बिनपगारी कारकून आहे. एजन्सीला एक मुलगी सकाळची लागतेच, ती कॉलेजची असली की पैसे वाचतात, एवढं साधं गणित. त्यामुळे पुढच्या वेळी कुठेही गेलीस की पहिल्याच आठवड्यात विचारायचं, मी लिहिलेलं कोण तपासणार? सर्टिफिकेट, एसी, ऑफिसचा पत्ता सगळं नंतर. तुझ्या प्रेसनोटवर लाल पेन मारणारं कोणी असेल तर तिथं टिक, नसेल तर सुट्टीत घरी बसून हितवादच्या बातम्या मराठीत लिहून काढल्यास तरी जास्त शिकशील. तुझ्या एवढ्या मोठ्या पत्रात, बघ, दोन्ही ठिकाणी कोणी तुला एक नोट लिहायला दिली आणि परत लिही म्हणालं असं कुठंच नाही. मला तर पैसे न मिळण्यापेक्षा हेच जास्त खटकलं.

ती पट्टी आली ना तुझ्या पत्रात, तिच्याबद्दल थोडं. बातमीची लांबी-रुंदी मोजायची, तेवढ्या जागेच्या जाहिरातीचा रेट लावायचा, वर "बातमीवर लोकांचा विश्वास जास्त" म्हणून तिनाने गुणायचं आणि क्लायंटला सांगायचं की बघा साहेब तुम्हाला एवढ्या लाखांची प्रसिद्धी मिळवून दिली. अजूनही सर्रास चालतं. पण ज्यांनी प्रसिद्धी मोजायचाच धंदा केला त्या जगभरच्या लोकांनी २०१० मध्ये बार्सिलोनाला बसून तत्त्वं ठरवली आणि त्यात स्पष्ट म्हटलं की जाहिरातीच्या रेटने काढलेली किंमत ही जनसंपर्काची किंमत नाही. साधं आहे, बिलावरून भांडण झाल्याची बातमी पहिल्या पानावर सहा कॉलम आली तर तिचीही किंमत काढणार का? तुला सांगितलं तर तो तक्ता बनव, इंटर्न आहेस, तिथं वाद घालू नको, पण त्याच्या खाली आपलं एक पान जोडत जा. आपल्याला जे सांगायचं होतं ते बातमीत आलं की नुसतं पाहुण्यांचं नाव आलं, हेडिंगमध्ये काय गेलं, पेपरच्या संपादकीय डेस्कने कुठला पॅरा उडवला, फोन किती लोकांचे आले. असं पान क्लायंट वाचतो, आणि हे कोणी केलं असं विचारतो.

आणि "सर नोट मिळाली का" हा फोन. अख्ख्या नागपूरचे रिपोर्टर ज्या एका फोनला वैतागतात तो हाच. मेल गेला आहे तर मिळालाच असणार. फोन करायचा तर हातात काहीतरी नवीन ठेवून, म्हणजे फोटो पाठवते, डॉक्टर दुपारी एक ते दोन बोलायला मोकळे आहेत, हा आकडा मागच्या वर्षीशी लावून हवा असेल तर देते. वेळ दुपारची, जेवणाच्या आधी. संध्याकाळी सहानंतर पानं लागत असतात, तेव्हा फोन म्हणजे शिव्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक असते, अर्धा स्टाफ रस्त्यावर असतो. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमी. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन लागलं की तर विसरच, सगळे विधान भवनाकडे, त्या दिवसांत क्लायंटला शोरूमचं उद्घाटन ठेवू द्यायचं नाही आणि ठेवलंच तर बातमी येणार नाही हे आधी तोंडावर सांगायचं. मुंबईहून अकाउंट सांभाळणाऱ्याला हे माहीत नसतं, तुला आहे.

आता हॉस्पिटल. रिव्ह्यू टाकले नाहीस ते उत्तम केलंस आणि त्यात "टाळत राहिले" असं बारीक तोंड करून लिहायचं काही कारण नाही. न घेतलेल्या उपचाराचं कौतुक आपल्या नावाने लिहायचं म्हणजे लोकांची फसवणूकच, आणि ती पण दुखणं घेऊन आलेल्या लोकांची. भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूसाठी आयएस १९००० नावाचं मानक काढलं आहे, त्यात विकत घेतलेले किंवा आपल्याच माणसांकडून लिहून घेतलेले रिव्ह्यू चालत नाहीत, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिराती, अनुचित व्यापारी प्रथा हे सगळं आहेच. शिवाय डॉक्टरांचं प्रकरण वेगळंच असतं. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे डॉक्टरने पेशंट मिळवायला स्वतःची जाहिरात करायची नसते, नवीन प्रॅक्टिस सुरू केली, पत्ता बदलला, काही दिवस बाहेर आहे अशा मोजक्या गोष्टींचीच पेपरात सूचना देता येते. रामदासपेठ-धंतोलीत एवढी हॉस्पिटलं आहेत, तिथल्या पीआरमध्ये काम करायचं तर ही आचारसंहिता एकदा बसून वाच. "विदर्भातील सर्वोत्तम सर्जन" असं नोटमध्ये लिहायला सांगितलं की तू म्हणू शकशील की सर, हे डॉक्टरांच्याच अंगाशी येईल. ज्युनिअरचं ऐकत नाहीत, पण अंगाशी येईल म्हटलं की ऐकतात, हा माझा अनुभव.

"सर ओटीत आहेत" हे तर क्लासिक आहे. नागपुरात अर्धे साहेब ओटीत आणि अर्धे मीटिंगमध्ये असतात. पण बघ, यात गंमत काय होते, खोटं सरांचं असतं आणि नाव तुझं जातं, कारण फोनवर तू होतीस. सर उद्या दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये जातील, तू पुढच्या नोकरीत त्याच रिपोर्टरला फोन करशील. इथलं पीआरचं आणि पत्रकारांचं जग किती आहे सांग, धंतोलीच्या पत्रकार भवनात दोन पत्रकार परिषदा केल्यास की तेच चेहरे. एकदा खोटी पडलीस की तुझा नंबर त्यांच्या मोबाईलमध्ये कसा सेव्ह होतो ते तुला कोणी सांगणार नाही.

मग म्हणायचं काय? खरं तेवढंच. "पेशंटची माहिती हॉस्पिटल बाहेर देऊ शकत नाही, ते आमच्यावर बंधन आहे. बिलाच्या तक्रारीबद्दल व्यवस्थापनाचं म्हणणं मी पाच वाजेपर्यंत कळवते." आणि मग पाचला फोन करायचा, हातात काही नसलं तरी करायचा की अजून मिळालं नाही. याला धाडस लागत नाही, फक्त आत जाऊन सरांना दोन ओळी मागायच्या असतात. पहिली प्रेसनोट म्हणून जिचं नाव घेतात ना, ती अशाच वेळची आहे. १९०६ मध्ये अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ पुलावरून रेल्वे पाण्यात गेली, पन्नासच्या वर माणसं मेली. त्या काळात रेल्वे कंपन्या अपघात दाबायच्या, पत्रकारांना जवळ फिरकू द्यायच्या नाहीत. आयव्ही ली नावाचा माणूस त्या कंपनीचं काम बघायचा, त्याने उलट केलं, झालं ते कागदावर लिहून पेपरांना दिलं आणि पत्रकारांना जागेवर नेलं. न्यूयॉर्क टाइम्सने तो मजकूर जसाच्या तसा छापला. (हा लीबाबा पुढे सगळीकडे असाच धुतल्या तांदळासारखा वागला असं मी म्हणत नाही, त्याच्यावर टीका करणारेही पुष्कळ झाले. पण त्या दिवशीचं बरोबर होतं.) आपल्याकडे शंभर वर्षांनी पण चहा पीत ओटीत बसायचं चालू आहे.

कुठं जाऊ म्हणतेस, तर मी सरकारी कंपनी म्हणेन आणि मैत्रिणींचं ऐकू नको म्हणेन. नागपूरचं भाग्य असं की वेकोलि (कोळसा), मॉयल (मँगनीज), महामेट्रो यांची मुख्य कार्यालयंच इथं आहेत, रेल्वेचे दोन-दोन विभाग आहेत, आणि अशा ठिकाणी जनसंपर्क म्हणजे नुसती उद्घाटनं नसतात. खाणीत अपघात होतो, जमीन गेलेले लोक गेटवर बसतात, संप होतो, मंत्री येतो, आणि त्याच संध्याकाळी कर्मचाऱ्यांच्या मुलांचा बक्षीस समारंभ पण असतो. एकाच नोटच्या मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तिन्ही प्रती निघतात. गृहपत्रिका असते, तिच्यात कामगारांच्या मुलाखती घ्यायला कोणी तयार नसतं, तू हात वर कर, खाली खाणीत किंवा डेपोत जायला मिळेल. फायली आहेत, हाव, आहेत. एक नोट बाहेर पडायला तीन साहेबांच्या सह्या लागतात, आणि तोवर पानं लागून गेलेली असतात, तुझा जीव जाईल. पण तीन साहेब वाचतात म्हणजे तीन जण तुझी नोट दुरुस्त करतात, आणि जुन्या पीआरओंची मराठी-हिंदी बहुतेक वेळा आपल्या पिढीपेक्षा पक्की असते. शिवाय ओजेटी आहे, कॉलेजचे क्रेडिट मिळतात, म्हणून तिथं पैसे नसले तरी मला फारसं वाईट वाटत नाही.

मुंबईवाल्यांना एकदम नाही म्हणू नको, विचार मात्र, की माझ्याकडून रोज काय करून घेणार. उत्तर आलं की "विदर्भाचा मीडिया फॉलोअप", तर समज त्यांना नागपुरात फोन करणारी फुकट मुलगी हवी आहे, मग त्याचे पैसे माग, सरळ माग, लाजायचं काय त्यात.

इंटरव्ह्यूत हॉस्पिटलचं नाव घेऊन रडगाणं गायचं नाही. काय केलं ते सांग, शिबिरांचं काम, फोटो, जे असेल ते. काहून सोडलं विचारलं तर "काही कामं मला पटली नाहीत" एवढं पुरे, समोरचा याच धंद्यातला असतो, त्याला समजतं. आणि एक फाइल कर. प्रत्येक नोटचा तू लिहिलेला पहिला मसुदा आणि शेजारी छापून आलेलं कात्रण, डेस्कने काय उडवलं ते पेनने खूण करून. छापून आलेलंच ठेव, क्लायंटचे आतले कागद किंवा एजन्सीची मीडिया लिस्ट घेऊन येऊ नको, ते चोरीत जमा. नंबर तुझ्या ओळखीने मिळालेले असतील तेवढेच तुझे.

प्रश्न : ताई, माझा मुलगा काटोलहून रोज नागपूरला बीए करायला जातो. एका संस्थेकडून त्याला पीआर आणि डिजिटल मीडियाच्या इंटर्नशिपचा मेसेज आला, सिलेक्शन झालं म्हणतात, पण आधी रजिस्ट्रेशन आणि ट्रेनिंग किटचे साडेचार हजार भरायचे. भरू का? मुलगा मागे लागला आहे.
— एक वडील, काटोल

उत्तर : भरू नका भाऊ. काम करणाऱ्याने काम देणाऱ्याला पैसे द्यायचे ही उलटी रीत झाली. मुलाखत न घेता, लिहिलेलं काही न बघता सिलेक्शन झालं म्हणतात तिथंच समजायचं, त्या पैशात एक पीडीएफ आणि एक सर्टिफिकेट येतं आणि पुढं कोणी फोन उचलत नाही. मुलाला कॉलेजात ओजेटी कोणाकडे आहे ते शोधून त्या सरांना भेटायला सांगा, आणि सिव्हिल लाइन्सला जाऊन जिल्हा माहिती कार्यालयात एकदा विचारून येऊ द्या, नाही म्हणाले तर नाही. पदवी झाल्यावरचं वेगळं, २०२४ मध्ये राज्य सरकारने युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली तिच्यात पदवीधराला महिना दहा हजार विद्यावेतन ठरवलं होतं, पण ती शिकत असलेल्या मुलांसाठी नव्हती. सांगायचा मुद्दा, सरकारपण काम शिकणाऱ्याला पैसे देतं, घेत नाही.

प्रश्न : मी उमरेडची, बारावीपर्यंत मराठी मीडियम. पीआरचा कोर्स करून राहिली पण वर्गात सगळे इंग्रजी झाडतात, प्रेझेंटेशनमध्ये माझी बोबडी वळते. सर म्हणाले पीआर इंग्रजीवाल्यांचं फील्ड आहे. सोडून द्यावं का?
— एक विद्यार्थिनी, उमरेड

उत्तर : सरांना एकदा मुंबईहून आलेली मराठी प्रेसनोट वाचायला दे. "अमुक समूहाला आपल्या अभिनव उपक्रमाची घोषणा करताना अत्यंत आनंद होत आहे." अशी सुरुवात असते, मशीनमधून काढलेली, आणि आपल्या इथला सबएडिटर ती पहिली ओळ वाचूनच डिलीट मारतो. तू उमरेडची आहेस, तू लिहिशील "उमरेडच्या लोकांना आता रक्त तपासायला मेडिकलपर्यंत यायची गरज नाही", आणि ही लागते. नागपुरात मराठी आणि हिंदी पेपर सोडून क्लायंटचं पान भरत नाही, आणि दोन्ही भाषा नीट येणारी मुलं एजन्सीवाले शोधत फिरतात, मला महिन्यात कोणाचा न कोणाचा फोन असतोच की ताई कोणी आहे का.

इंग्रजी लागतं, नाही असं नाही. क्लायंटचे मेल इंग्रजीत येतात, मीटिंगही बऱ्याचदा तशीच चालते. पण ते फाडफाड लागत नाही, बरोबर लागतं. रोज हितवाद घे, आपल्या गावचाच पेपर आहे, १९११ पासूनचा, गोपाळ कृष्ण गोखल्यांनी काढलेला. त्यातली शहराची एक बातमी वाच, तीच लोकमत किंवा तरुण भारतमध्ये शोध आणि दोघांनी पहिल्या ओळीत काय घेतलं ते बघ. मग बंद करून स्वतः लिही. परीक्षेपर्यंत एवढं केलंस तरी प्रेझेंटेशनला बोलायला तुझ्याकडे काहीतरी असेल, बोबडी बरेचदा बोलायला काही नसतं म्हणून वळते.

आणि काही बारीक गोष्टी, ज्या इंग्रजीवाल्यांनाही कोणी सांगत नाही. मराठी नोट युनिकोडमध्ये टाइप कर, जुन्या फॉन्टमध्ये पाठवली की तिकडं नुसते चौकोन दिसतात. मजकूर मेलमध्येच टाक, पीडीएफ करून पाठवली की डेस्कवाल्याला परत टाइप करावं लागतं आणि तो करत नाही. सगळ्या रिपोर्टरना एकाच मेलमध्ये टाकून एकमेकांचे पत्ते दाखवू नको. फोटो मेललाच जोड, व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवला की साइज कमी होते आणि छापताना फुटतो. फोटोखाली डावीकडून नावं, पूर्ण नावं, आणि पाठवायच्या आधी ती नावं फोन करून तपासून घे, आडनाव चुकलं तर क्लायंट दुसऱ्या दिवशी बातमी किती मोठी आली ते बघत नाही, तेवढंच बघतो.